केटलीतली लोकर

त्या घरात चहा करायचा म्हणजे आधी केटली रिकामी आहे का ते बघावं लागायचं, आणि ती कधीच रिकामी नसायची. तिच्या पोटात पांढऱ्या लोकरीचा गुंडा बसलेला असे आणि लोकरीचं टोक तोटीतून बाहेर लोंबत असे. सुनेने एक दिवस मुकाट्याने दुसरी केटली विकत आणली. काही दिवसांत तिच्यात तांबडी लोकर जाऊन बसली. तेव्हापासून चहा पातेल्यात होऊ लागला, आणि त्या पातेल्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवणं हे सुनेचं एक जास्तीचं काम होऊन बसलं.

ही सगळी करामत आत्याची. भाचा लिफ्ट दुरुस्त करायचा, त्याची बायको, म्हणजे ही सून, रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती, आणि त्या दोघांकडे आत्या चार दिवस म्हणून राहायला आली होती. ते चार दिवस कधीच उलटून गेले होते. किती उलटले हे कुणी मोजत नव्हतं, निदान तोंडाने तरी नाही.

आत्याने लग्न केलं नाही. का केलं नाही हे ज्यांनी विचारलं त्यांच्याकडे तिने असं काही पाहिलं की ते विषय बदलून मोकळे झाले. उभी हयात तिने कापडी खेळण्यांच्या कारखान्यात काढली, आणि तिथे तिचं काम एकच, डोळे बसवणं. कापणारे वेगळे, शिवणारे वेगळे, कापूस भरणारे वेगळे. आत्याच्या टेबलावर प्राणी यायचा तो आंधळा आणि जायचा तो जगाकडे बघत. काळा डोळा पुढून खुपसायचा, मागून चकती दाबायची, कट् असा आवाज आला की झालं. ऐकायला सोपं वाटतं. पण डोळा केसभर वर गेला की अस्वल दचकल्यासारखं दिसतं, केसभर आत गेला की लबाड दिसतं, आणि एक वर एक खाली झाला की ते थेट आपल्या मुकादमासारखं दिसतं, असं कारखान्यातल्या बायका म्हणायच्या. आत्याच्या हातून गेलेलं अस्वल नेहमी आताच कुणीतरी हाक मारल्यासारखं बघायचं.

कारखाना बंद झाला तेव्हा ज्याला जे हवं ते घेऊन जा असं सांगण्यात आलं. बाकीच्या बायकांनी पंखा, खुर्ची, भिंतीवरचा आरसा असं काहीबाही नेलं. आत्याने डोळे नेले. पोतंभर. शिवाय लोकर, फेल्टचे तुकडे, नाकाची बटणं, मणी, रिबिनी आणि कापूस. कारखान्याबरोबर कारखान्याने दिलेली खोलीही गेली, आणि आत्या पोती घेऊन थोरल्या भावाच्या दारात उभी राहिली.

थोरल्याकडे बरं चाललं होतं. मग एके दिवशी वहिनीने कौतुकाने नवी कोरी सुटकेस आणून दिली. म्हणाली, "वन्सं, तुमच्या त्या पोत्यांपेक्षा ही बरी." आत्या हरखून गेली. सुटकेस भरून होते न होते तोच भाऊ वर्तमानपत्राआडून म्हणाला, "धाकट्याकडची हवा फार चांगली आहे हं." धाकट्याकडची हवा खरंच चांगली होती, पण ती लाभायच्या आत धाकट्या भावजयीने चाकांची बॅग भेट दिली. तिथून आत्या गेली एका भाचीकडे. भाचीने तर ढीगभर कप्प्यांची, खांद्याला लावायची बॅग देताना पुढच्या गाडीची वेळसुद्धा सांगून टाकली.

कुणी वाईट बोललं नाही, कुणी आवाज चढवला नाही, आणि आत्याला तेच जास्त लागलं. भांडण झालं असतं तर तिनेही दोन शब्द सुनावले असते; ती काही मूग गिळून बसणाऱ्यांपैकी नव्हती. पण हातात नवी कोरी बॅग असताना माणूस भांडणार तरी कुठल्या तोंडाने? लोक हातात नारळ देतात, आत्याच्या घरचे बॅग द्यायचे, एवढाच काय तो फरक.

त्यातून आत्याने एक धडा घेतला, आणि तो चुकीचा होता असं मला म्हणवत नाही. ज्याचं सामान बॅगेत, त्याला केव्हाही उठवता येतं. ज्याचं सामान घरच्यांच्या केटलीत, त्याला उठवायचं तर आधी केटली उपसावी लागते, मग बरण्या, मग डबे, आणि एवढी उस्तवार करण्यापेक्षा माणसं म्हणतात, राहू दे बिचारीला. म्हणून भाच्याच्या घरी पाय ठेवला त्याच दिवशी आत्याने तिन्ही बॅगा रिकाम्या करून कॉटखाली सारल्या आणि बस्तान बसवायला सुरुवात केली.

एकदम नाही. एकदम केलं असतं तर लक्षात आलं असतं. आज एक वस्तू, परवा एक. अंड्यांचा झाकणाचा ट्रे पहिला गेला, कारण कारखान्यातले डोळे वरवर एकसारखे दिसले तरी दोन डोळे तंतोतंत जुळणं कठीण, आणि एकदा जुळवलेली जोडी मोडू नये म्हणून प्रत्येक खळग्यात एकेक जोडी ठेवणं याहून चांगली सोय जगात नाही. अंडी एका वाडग्यात गेली. हे कुणी भाच्याला सांगितलं नाही. सकाळी अर्धवट झोपेत त्याने अंड्यासाठी ट्रे उघडला, आणि आतून सगळ्यांनी एकाच वेळी त्याच्याकडे पाहिलं. त्या दिवसापासून त्याने अंडी खाणं कमी केलं. त्याच्या तब्येतीला ते चांगलं मानवलं, हे आत्या येणाऱ्याजाणाऱ्याला आवर्जून सांगायची.

प्रेशर कुकरमध्ये कापूस गेला, कारण रबरी रिंगमुळे दमट हवा आत शिरत नाही. थर्मासमध्ये विणायच्या सुया उभ्या राहिल्या. शिवायच्या सुया फ्रिजच्या दारावरच्या लोहचुंबकाला चिकटल्या. भाच्याच्या टायच्या हँगरवर रिबिनी लोंबू लागल्या; टाय तो लग्नात एकदाच घालून बसला होता, तेव्हा ते नुकसान त्याने सोसलं. दात घासायच्या ब्रशांच्या पेल्यात क्रोशाच्या सुया आल्या, त्यातली एक त्याने झोपेत तोंडातही घातली. भांडी निथळायच्या जाळीत ताटांच्या जागी अस्वलांची, मांजरांची आणि एका हत्तीचं अशी डोकी ओळीने बसलेली असत, धडांची वाट बघत. रोज सकाळी उन्हात बसायला आत्या यातलं लागेल ते गॅलरीत उचलून न्यायची आणि दुपारी परत जागच्या जागी ठेवायची.

हेल्मेटची गोष्ट तर भाच्याच्या कामावर अजून सांगतात. आत्याने त्यात कान ठेवले होते. अस्वलांचे, तपकिरी, शिवून तयार. घाईत भाच्याने हेल्मेट डोक्यावर चढवलं, गाडीला टांग मारली आणि एका उंच इमारतीत लिफ्ट अडकली होती तिथे जाऊन पोचला. आतल्या बाईला घाम फुटला होता. भाच्याने मोठ्या मेहनतीने दार सरकवलं आणि धीर देणारं हसू हसून आत डोकावला. बाईने त्याच्या केसांत अडकलेले दोन कान पाहिले आणि म्हणाली, "तुम्ही दार लावून घ्या. मी थांबते अजून थोडी."

भाचा स्वभावाने मऊ. बायको काही बोलली की त्याला बायकोचं पटायचं, आत्या काही बोलली की आत्याचं, आणि दोघी एकाच वेळी बोलल्या की तो लिफ्टसारखा दोन मजल्यांच्या मध्ये अडकून राहायचा. त्यामुळे घरात काय राहणार आणि काय जाणार हे ठरवणारी सूनच होती, हे आत्याने पहिल्या दिवशी ओळखलं होतं.

आणि सून म्हणजे लॅबमधली. दिवसभर हजारभर बाटल्या हाताळायच्या आणि एकीचीही चिठ्ठी दुसरीवर जाऊ द्यायची नाही, हे तिचं काम. तीच सवय घरी. तिच्या स्वयंपाकघरातल्या प्रत्येक बरणीवर ठळक अक्षरात लेबल होतं. साखर, मीठ, चहा, डाळ. मिठाच्या बरणीला मीठ म्हणायला लेबल कशाला लागतं असं भाचा एकदा म्हणाला होता, तेव्हा तिने त्याच्याकडे असं पाहिलं की पुढे महिनाभर त्याने मीठसुद्धा विचारून घेतलं. आत्याने या लेबलांचा मान राखला. एकाही लेबलाला तिने हात लावला नाही. ती फक्त आतलं बदलायची.

सून वैतागायची, पण बोलायची नाही. आणि आत्याला खरं सांगायचं तर त्या घरातली तीच सगळ्यात जास्त आवडायची. एका संध्याकाळी लॅबमधून दमून आल्यावर ती आत्याच्या समोर बसली, पाचदहा मिनिटं बघत राहिली आणि मग ट्रेमधला एक डोळा उचलून म्हणाली, "आत्या, हा या जोडीतला नाही. याची चमक कमी आहे." आत्याने तो चष्मा लावून बघितला, चष्मा काढून बघितला, खिडकीशी नेऊन बघितला. खरंच कमी होती. कारखान्यात इतकी वर्षं गेली, पण आत्याच्या जोडीत चूक काढणारं माणूस तिला पहिल्यांदा भेटलं होतं. त्या दिवसापासून अधूनमधून दोघी एकमेकींशी न बोलता डोळे जुळवत बसायच्या. एखादं अस्वल तयार झालं की सून जाताजाता विचारायची, "हा का रागावलाय?" आणि आत्या निमूटपणे त्याचे डोळे काढून परत लावायची.

इथून जायचं नाही, हे आत्याने त्याच सुमारास मनाशी पक्कं केलं. तसंही जायला जागा उरली नव्हती. भाऊ झाले, भाची झाली. आता राहिली होती एक मामेबहीण, जिला आत्या आवडत नव्हती आणि आत्यालाही ती.

सगळं सुरळीत चाललं होतं, आणि मग साखरेचा प्रकार झाला.

लॅबच्या मोठ्या डॉक्टरीणबाई एका रविवारी या बाजूला आल्या होत्या, तर अचानक घरीच आल्या. सुनेची ही वरिष्ठ बाई कुणाकडे जात नाही अशी ख्याती, त्यामुळे सुनेच्या तोंडचं पाणीच पळालं. धावपळीत भाच्याने जाळीतली डोकी उचलून न्हाणीघरात नेली, सुनेने चहा टाकला, आणि बाई किती साखर घेतात हे माहीत नसल्यामुळे कप आणि साखरेची बरणी तशीच पुढे ठेवली. लेबल समोर होतं, आणि सकाळपर्यंत आत साखरच होती. बाईंनी दोन चमचे घातले आणि ढवळायला लागल्या.

ढवळता ढवळता त्यांनी लॅबच्या नव्या यंत्राबद्दल सांगितलं. मग सुट्ट्यांबद्दल. मग हवेबद्दल. चमचा कपात गोल फिरत होता आणि खालून बारीक खळखळ येत होती. शेवटी त्या म्हणाल्या, "तुमच्याकडची साखर फार चिकाटीची आहे हो."

सून हसली. बाईंनी तळाशी चमचा घालून थोडी साखर वर काढली आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने तो चमचा उजेडाकडे धरला. एक डोळा मिटला. बराच वेळ पाहिलं.

"याला भोक आहे," त्या म्हणाल्या.

सुनेने बरणीचं लेबल परत वाचलं.

"प्रत्येक दाण्याला आहे," बाई म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात राग नव्हता, कुतूहल होतं, आणि तेच सुनेला जास्त झोंबलं. आत्या दारात उभी होती. खोटं बोलणं तिच्या रक्तात नव्हतं आणि इथे तर रक्त तपासणारीच समोर बसली होती. ती म्हणाली, "मणी आहेत ते. मांजराच्या गळपट्ट्याचे. तुम्ही प्यायला नाहीत ना? मग झालं. गाळून परत देते." आणि कप उचलून आत गेली. बाई गेल्यावर सून भांडली नाही. तिने साखरेच्या बरणीकडे पाहिलं, कपाळाला हात लावला आणि खोलीत जाऊन दार लोटून घेतलं. आत्याच्या मनात पाल चुकचुकली, कारण घरातली माणसं गप्प झाली की पुढे काय येतं हे तिला पाठ होतं.

आणि ते पुढच्याच रविवारी आलं.

भाचा आणि सून बाजारातून आले ते हातात मोठाली खोकी घेऊन. खोक्यांतून निघाले डबे. पारदर्शक, एकावर एक बसणारे, टचकन बंद होणाऱ्या झाकणांचे, दोन्ही बाजूंना मुठी असलेले. सुनेने एकेक मांडला. लेबलंही तिने आधीच छापून चिकटवली होती: डोळे, नाकं, कान, लोकर पांढरी, लोकर तांबडी, रिबिनी, कापूस. एकावर नुसतं "इतर" असं होतं. खालच्या दोन मोठ्या डब्यांना चाकं होती, काळी, चांगली गुळगुळीत फिरणारी.

"आता सगळं एका जागी राहील आत्या," सून म्हणाली. ती खूश होती, गालांवर लाली आली होती. "आणि हे बघा, नुसतं ढकललं की झालं. कुठेही न्यायला सोपं."

आत्याचं लक्ष चाकांवर खिळलं. कुठेही न्यायला सोपं. वहिनी, भावजय, भाची, तिघींपैकी एकीलाही हे इतक्या स्पष्ट शब्दांत बोलायचा धीर झाला नव्हता. आणि इथे तर लेबलंसुद्धा लावून तयार. आत्याने त्या डब्यांवरून हात फिरवला. म्हणाली, "छान आहेत गं." डबे होतेही खरंच छान.

दुसऱ्या दिवशी भाचा आणि सून कामावर गेले, आणि आत्याने गाशा गुंडाळायला घेतला.

आपण किती खोलवर शिरलो आहोत हे तिला तेव्हाच कळलं. केटल्या उपसल्या, धुतल्या, पालथ्या घातल्या. कुकरमधून कापूस काढला तर तो निघतच राहिला, एवढ्याशा भांड्यात एवढा कापूस गेला होता कसा याचं तिलाच नवल वाटलं. सुया लोहचुंबकावरून काढल्या. हँगरवरच्या रिबिनी सोडवून टाय परत लावला, आणि त्याची गाठ तिला येत नव्हती म्हणून त्याचं फूल बांधून ठेवलं. साखरेच्या बरणीत साखर भरली, चहाच्या बरणीतून बटणं काढून चहा भरला. डाळीच्या बरणीत काय होतं ते ती स्वतःच विसरली होती. उघडली तर आत डाळ निघाली, आणि तिला थोडं वाईट वाटलं की ही एवढी एक आपल्या हातून राहून गेली.

दुपारपर्यंत घर लख्ख झालं. जाळीत ताटं, पेल्यात ब्रश, ट्रेमध्ये अंडी. प्रत्येक वस्तू जिच्या तिच्या जागी, आणि आत्याला त्या घरात क्षणभर कुणी ओळखीचं राहिल्यासारखं वाटेना. ती स्वयंपाकघरात मधोमध उभी राहिली आणि मोठ्याने म्हणाली, "मला नाही जायचं." ऐकायला कुणी नव्हतं म्हणूनच म्हणाली. मग तोंड धुतलं, बाहेर जायचे कपडे चढवले, शाल घेतली आणि आपल्या खोलीत डब्यांशेजारी कॉटवर बसून राहिली.

सून आधी आली. चपला काढून स्वयंपाकघरात शिरली आणि जागच्या जागी थबकली. केटली रिकामी. दुसरी केटलीही रिकामी. तिने साखर चाखून बघितली, ती गोड होती. तिने ट्रे उघडला, आत अंडी. आत्याला आपल्या खोलीत बसून सगळं ऐकू येत होतं. झाकणं उघडल्याचे, मिटल्याचे आवाज, आणि मग चक्क एक गाणं गुणगुणल्याचा आवाज. गाते म्हणजे बघ किती सुटली बिचारी, आत्याच्या मनात आलं.

"आत्या, चहा टाकते हं केटलीत," असं म्हणत सून दारात आली आणि तिचं गाणं थांबलं. कॉटवरची गादी गुंडाळलेली. डबे एकावर एक चढवलेले. शेजारी आत्या, शाल पांघरून, मांडीवर पर्स, स्टेशनात बसावं तशी.

"हे काय? कुठे निघालात?"

"ते तुम्ही सांगा," आत्या म्हणाली. "मामेबहिणीकडे म्हणाल तर तिथे. तिला कळवायचं मात्र तुम्हीच, माझा फोन ती घेत नाही."

"पण जायचं कशाला?"

"अगं, आता नाटक कशाला? एवढे डबे आणलेस. न्यायला सोपे म्हणालीस. मी काय मूर्ख आहे?"

सून दारातून आत आली. "मी तुम्हाला जा म्हणाले?"

"तू नाही म्हणालीस. कुणीच कधी म्हणत नाही," आत्या म्हणाली. "वहिनीने सुटकेस दिली, तीही काही म्हणाली नाही. धाकटीने चाकांची बॅग दिली, तीही नाही. भाचीने खांद्यावरची. बघ, कॉटखाली आहेत तिन्ही. सामानाचं काहीतरी आणून देतात आणि मग हवा कुठली चांगली ते सांगतात. तुझे डबे सगळ्यात भारी, एवढंच. वाईट वाटून घेऊ नकोस, मी आभार मानूनच जाणार आहे."

सुनेने वाकून कॉटखाली पाहिलं. तिन्ही बॅगा रिकाम्या, एकीवर एक होत्या. ती तशीच वाकून बराच वेळ राहिली. वर आली तेव्हा तिचा चेहरा लाल झाला होता, आणि आत्याला वाटलं आता फुटणार. एवढे महिने जे भांडण झालं नाही ते आता होणार.

"गॅलरीत ऊन असतं सकाळचं," सून म्हणाली. तिला राग आला होता आणि रडूही, त्यामुळे तिची वाक्यं तुटत होती. "तुम्ही रोज सगळं उचलून तिकडे नेता. सतरा खेपा घालता. मग रात्रभर पाठ धरून कण्हता, आम्हाला ऐकू येत नाही का? म्हणून चाकं. ढकलता यावं म्हणून. गॅलरीपर्यंत, आत्या. गॅलरीपर्यंत."

आत्याने डब्याकडे पाहिलं, चाकांकडे पाहिलं, दाराबाहेर गॅलरीकडे पाहिलं.

तेवढ्यात भाचा आला. दारातून आत येतायेताच त्याने दोघींचे चेहरे पाहिले आणि नेहमीसारखा मधल्या मजल्यावर थांबला. बायको म्हणाली, "तुमची हत्यारांची पेटी आणा."

"काय अडकलंय?"

"आणा म्हणते ना."

त्याने पेटी आणली. सुनेने त्यातला स्क्रू ड्रायव्हर घेतला, वरचे डबे उतरवले, खालचा मोठा डबा कुशीवर वळवला आणि जमिनीवर फतकल मारून बसली. पहिलं चाक निघालं तेव्हा भाचा हळूच म्हणाला, "अगं, नवे आहेत. वॉरंटी जाईल."

"जाऊ दे," सून म्हणाली. "वॉरंटी जाऊ दे. आत्या जायला नको."

ती एकेक चाक काढत होती आणि शेजारी टाकत होती. एक स्क्रू घट्ट होता, तो भाच्याने काढून दिला. आत्या कॉटवर तशीच बसली होती, शाल पांघरून. मग तिने शाल काढली. मग पर्स बाजूला ठेवली. मग डोळे पुसले, एकदा शालीने आणि एकदा भाच्याच्या रुमालाने, आणि खाली वाकून एक चाक उचललं, बोटाने फिरवून बघितलं.

"टाकू नका बरं ही," ती म्हणाली. "किती सुरेख फिरतात. मोठा हत्ती करते. त्याला पायांखाली लावीन, म्हणजे पोरांना दोरीने ओढता येईल."

सुनेने शेवटचं चाक काढलं आणि सगळी ओंजळीत घेऊन उठली. दारापर्यंत गेली आणि मागे वळली.

"आत्या, ही कशात ठेवू?"

आत्याने त्या ओंजळीकडे पाहिलं. हिला कुठे ठेवायचं, हे तिने आजवर बऱ्याच बंद दारांआडून ऐकलं होतं. कशात ठेवू, हे तिला कुणी पहिल्यांदाच विचारत होतं, तेही समोर उभं राहून, ओंजळ पुढे धरून.

ती उठली. सुनेच्या पुढे चालत स्वयंपाकघरात गेली आणि सगळी कपाटं उघडली, सताड, लपूनछपून नाही. केटल्यांवरून तिची नजर फिरली. वाडगे, परात, चाळणी, एकेक बघून झालं. घाई तिला अजिबात नव्हती. शेवटी तिने सगळ्यात वरच्या फळीकडे बोट दाखवलं. तिथे सुनेचं केक भाजायचं काचेचं भांडं होतं, ओव्हनबरोबर आलेलं, अजून कागदातून न काढलेलं.

"ते," आत्या म्हणाली. "त्यात नीट मावतील."

सुनेने चाकं भाच्याच्या हातात दिली आणि स्टूल ओढलं.